भाजलेल्या भाज्यांचं रंगीत सॅलड, नागपुरी संत्रं, पनीर आणि अक्रोड घालून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की नागपुरात संत्र्याच्या गाड्या जागोजागी लागतात, लाल गाजरं येतात, फुलकोबी स्वस्त होते, आणि तेव्हाच मी हे सॅलड सारखं सारखं करते. मग मैत्रिणी, नणंदा, कॉलनीतल्या काकू सगळ्या तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकते आहे. लांब झालंय पण ज्याला जे पाहिजे ते वाचा.

हे सॅलड नेमकं आहे तरी काय? काकडी-टमाटरच्या कोशिंबिरीसारखंच का?

नाही, इथे भाज्या कच्च्या नाहीत. कोहळं म्हणजे लाल भोपळा, गाजर, बीट, शिमला मिरची, कांदा, फुलकोबी या भाज्या तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये कडा तपकिरी होईपर्यंत भाजायच्या, थोड्या निवू द्यायच्या, मग त्यात संत्र्याच्या फोडी, पनीर किंवा चीज आणि भाजलेले अक्रोड-बदाम घालायचे आणि वरून संत्र्याच्या रसाचं ड्रेसिंग. भाजीची गोडी, संत्र्याचा आंबटपणा, पनीरचा मऊपणा आणि नट्सचा कुरकुरीतपणा हे चारही एका घासात आले पाहिजेत, त्यातलं एक जरी कमी पडलं तरी खाताना लगेच कळते. पोट भरणारी डिश आहे, सोबत एखादी ज्वारीची भाकर घेतली तर रात्रीचं जेवण होऊन जाते.

चार जणांसाठी काय काय आणि किती घ्यायचं?

कोहळं साधारण ३०० ग्राम, गाजरं २५० ग्राम, दोन मध्यम बीट, दोन शिमला मिरच्या (लाल-पिवळी मिळाली तर छान, हिरवीनेही काम होते), दोन कांदे, फुलकोबीचा अर्धा गड्डा. पनीर २०० ग्राम. संत्री तीन, दोन फोडींसाठी आणि एक रसासाठी. अक्रोड किंवा बदाम मूठभर, ५० ग्रामच्या आसपास. भाजायला तीन मोठे चमचे तेल. खाली पसरायला थोडी कोवळी पालक, आणि वरून सांबार म्हणजे कोथिंबीर.

ड्रेसिंगला चार चमचे तेल, तीन चमचे संत्र्याचा रस, एक चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा मध, मीठ, ताजी मिरेपूड. लिंबू सोडू नका, संत्र्याच्या रसाला एकट्याला तेवढा आंबटपणा नसतो आणि सॅलड नुसतं गोडमिट्ट लागते. सगळं एका झाकणाच्या बाटलीत घालून जोरात हलवायचं, बस.

माझ्या भाज्या भाजल्याच जात नाहीत, गिळगिळीत होतात. काय चुकते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच असते, पाणी. भाजीच्या अंगावर जोपर्यंत पाणी आहे तोपर्यंत तिचं वरचं तापमान १०० डिग्रीच्या वर जातच नाही, आणि तो तपकिरी रंग, तो खरपूस वास यायला वरचा भाग १४० डिग्रीच्या आसपास जावा लागते. म्हणजे ओव्हन कितीही गरम करा, ओली भाजी आधी वाफवली जाणार आणि वाफवता वाफवता मऊ पडणार. म्हणून धुतल्यावर भाज्या सुती कपड्यावर पसरून कोरड्या करा, फुलकोबी तर खासच, कारण आपण आळ्यांसाठी तिला मिठाच्या पाण्यात ठेवतो आणि ते पाणी तुऱ्यांच्या आत जाऊन बसते.

दुसरी गोष्ट ट्रेमधली गर्दी. तुकडे एकमेकांना चिकटून ठेवले की एकाची वाफ दुसऱ्याला लागते. प्रत्येक तुकड्याभोवती थोडी जागा दिसली पाहिजे, एका ट्रेमध्ये मावत नसेल तर दोन खेपा करा पण ढीग घालू नका, मला माहीत आहे वेळ लागतो, विजेचं बिलही येते, पण इथे घाई केली तर पुढे कितीही महागाचं चीज घाला काही फरक पडत नाही.

ओव्हन २०० डिग्रीवर आणि आधीपासून दहा-पंधरा मिनिटं तापलेला हवा, वरचा-खालचा दोन्ही रॉड सुरू, ट्रे मधल्या खाचेत. तुकडे साधारण एक इंचाचे. फार लहान केले तर आतून सुकतात. तेल हाताने चोळायचं म्हणजे सगळीकडे लागते, वरून धार सोडली तर खालीच सांडते. आणि अर्ध्या वेळेला एकदा परतवा.

सगळ्या भाज्या एकदमच टाकल्या तर नाही का चालत?

एकदम टाकल्या तर शिमला मिरची जळते आणि बीट कच्चं राहते. २०० डिग्रीवर बीटाच्या तुकड्यांना ४० मिनिटं लागतात, गाजर आणि कोहळ्याला २५ ते ३०, फुलकोबीला २५, कांद्याला २० ते २५, शिमला मिरचीला १५ ते २०. तर आधी बीट आत, दहा मिनिटांनी गाजर-कोहळं, मग फुलकोबी-कांदा, आणि शिमला मिरची सगळ्यात शेवटी. ट्रेमध्ये आधीच कोपरे वाटून घ्या म्हणजे मधे मधे टाकणं सोपं जाते. आणि हे आकडे घडाळ्यात बघून थांबू नका, प्रत्येकाचा ओटीजी (घरगुती ओव्हन) वेगळा तापतो, सुरी आरामात आत गेली आणि कडा तपकिरी दिसल्या की झालं.

कांदा चिरताना मुळाकडचा भाग ठेवून उभे आठ तुकडे करा, नाहीतर पाकळ्या सुट्या होतात आणि पातळ टोकं जळून कडू होतात.

बीटाने सगळं सॅलड गुलाबी होऊन जाते, रंगीत कुठे राहते मग?

बीटाचा रंग पाण्यात विरघळणारा आहे, त्यामुळे जिथे ओलावा तिथे तो पसरणारच, पनीर तर मिनिटात गुलाबी. उपाय सोपा आहे, बीट वेगळं ठेवायचं. भाजायचंही एका कोपऱ्यात फॉइलवर, ड्रेसिंगही वेगळ्या वाटीत लावायचं, आणि सगळं सॅलड थाळीत मांडून झाल्यावर बीट वरून ठेवायचं, त्यानंतर ढवळायचं नाही. मी खोल भांड्यात वाढतच नाही या सॅलडला, पसरट थाळाच घेते.

ज्यांना ४० मिनिटं ओव्हन चालवायचा नाही त्यांनी बीट अख्खं, सालासकट कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या करून घ्यावं, निवल्यावर साल काढावं, पुसून फोडी कराव्या आणि गरम तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजू खरपूस कराव्या. चव ओव्हनसारखी तंतोतंत येत नाही पण बरीच जवळ जाते.

आमच्याकडे ओव्हनच नाही.

मग लोखंडी तवा काढा, नॉनस्टिक नको. जाड लोखंडी तवा चांगला तापवून थोड्या थोड्या भाज्या टाका आणि दोन-तीन मिनिटं त्यांना हातच लावू नका, सारखं ढवळलं की रंग येत नाही. गाजर आणि कोहळं आधी पाच मिनिटं वाफवून, कोरडं करून मग तव्यावर. शिमला मिरची तर थेट गॅसवर भाजा जशी आपण भरताची वांगी भाजतो, साल काळी झाली की झाकून ठेवा, मग सोलून पट्ट्या करा. तो जळकट वास या सॅलडमध्ये इतका सुंदर लागतो की ओव्हन असूनही मी कधी कधी मिरची गॅसवरच करते.

एअर फ्रायरमध्ये?

होते. १८० डिग्रीवर १२ ते १५ मिनिटं, मधे एकदा बास्केट हलवायची. फक्त थोड्या थोड्याने करा.

संत्रं कोणतं घ्यायचं? बाजारात सगळेच नागपुरी म्हणून विकतात.

हो, आणि जानेवारीनंतर तर किनूच्या (संत्र्यासारखंच दिसणारं दुसरं फळ) गाड्याही लागलेल्या असतात. फरक हाताला कळतो. आपल्या संत्र्याचं साल ढिलं असते, आत फोडींपासून सुटलेलं, दाबलं की हवा असल्यासारखं वाटते, आणि नखाने सोललं की सहज निघते. किनू जास्त चकचकीत, गडद केशरी, साल घट्ट, आणि बिया खूप. किनू वाईट नाही पण सॅलडसाठी फोडी करताना बियांनी जीव जातो.

आपल्याकडे संत्र्याचे दोन बहार, म्हणजे झाड फुलून फळ धरण्याचे दोन हंगाम. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे मार्च-एप्रिलपर्यंत. आंबियाचं फळ जरा जास्त आंबट, मृगाचं गोड. या सॅलडसाठी मला आंबियाच आवडते कारण कोहळं, गाजर, बीट सगळंच भाजून गोड झालेलं असते, तिथे आंबट पाहिजे. मृगाचं फळ घेतलं तर लिंबू एक चमचा जास्त घाला. आणि साल थोडं हिरवट दिसलं म्हणून फळ कच्चं समजू नका, सालाला केशरी रंग रात्रीच्या थंडीने चढतो, सुरुवातीच्या फळाला ती थंडी मिळालेलीच नसते. वजनाला जड वाटते ते घ्या.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा आपल्या दारात असताना सॅलडमध्ये परदेशी सफरचंद आणि डब्यातलं फळ घालणं मला खरंच पटत नाही.

फोडी करताना वरचा पांढरा पापुद्रा काढा. थोडा वेळ जातो, मुलांना बसवा या कामाला. पापुद्रा ठेवला तर भाजीसोबत चावताना चिवट लागते.

माझं ड्रेसिंग कडू झालं, संत्री तर गोड होती!

दोन कारणं असू शकतात. एक, मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलं. बिया फुटल्या की कडूपणा उतरतो, म्हणून रस हातानेच पिळा आणि गाळा. दुसरं, रस काढून ठेवला. संत्र्यात एक घटक असतो जो फळात असताना कडू नसतो पण रस काढल्यावर आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो, नागपुरी संत्र्याच्या रसाची ही ओळखीची अडचण आहे, रस टिकवणाऱ्या कारखान्यांनाही ती सतावते. त्यामुळे सकाळी रस काढून संध्याकाळी ड्रेसिंग करू नका. वाढायच्या आधी पिळा.

संत्र्याचा सीझन नसला की काय घालायचं?

डाळिंबाचे दाणे, पिकलेला पण टणक पेरू, द्राक्षं. मे महिन्यात थोडा कच्चट आंबाही जमते. पण त्या वेळी नागपुरात पारा ४५ च्या वर असताना ओव्हन लावायची मला तरी हिंमत होत नाही, तेव्हा तव्यावर करा किंवा पहाटे भाजून ठेवा.

चीज कोणतं? फेटाच लागते का?

नाही लागत. फेटा खारट-आंबट असते आणि भाजलेल्या गोड भाजीशी त्याचं जमते, म्हणून जगभर तेच घालतात. पण आपल्याकडचं ताजं पनीर फार छान काम करते, फक्त ते फिकं असते ही एकच अडचण, आणि ती सुटते. पनीरचे तुकडे कोमट मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, दोन कप पाण्याला एक मोठा चमचा मीठ. मग काढून, पुसून, हाताने जाडसर कुस्करा, त्यावर थोडा लिंबाचा रस, मिरेपूड, दोन चमचे चक्का घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फेटा नाही होत, पण खारट, आंबट, मऊ असं जे पाहिजे ते सगळं मिळते.

तव्यावर परतलेलं पनीर आवडत असेल तर तेही घाला. पनीर दूध आंबटाने फाडून केलेलं असल्याने वितळत नाही, वरून सोनेरी होते आणि आकार तसाच राहते. जास्त वेळ परतलं तर मात्र रबरासारखं होते, त्यामुळे प्रत्येक बाजूला मिनिटभर, बस.

प्रोसेस्ड चीजचे क्यूब किसून घातले तर मुलं आनंदाने खातात. मोझरेला नको, गरम भाजीवर ते लांब तार धरते आणि गार झालं की चामड्यासारखं.

एक महत्त्वाचं, चीज नेहमी शेवटी, भाज्या कोमट झाल्यावर. आणि खारट चीज घालणार असाल तर भाज्यांना मीठ बेताचंच लावा.

बाहेरचं चीज शाकाहारी असते का?

काही चीज जनावरांपासून मिळणाऱ्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या घटकाने) बनतात, विशेषतः बाहेरून येणारी. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवा ठिपका बघा. पनीरला हा प्रश्नच नाही.

नट्स कच्चेच घालायचे की भाजून?

भाजूनच. ओव्हनमध्ये १६० डिग्रीवर आठ-दहा मिनिटं, किंवा कढईत मंद आचेवर, आणि वास आला की लगेच ताटात काढा कारण गरम कढईत ते पुढे भाजत राहतात. अक्रोड पटकन खवट होतात, आणल्यावर एक चाखून बघा आणि उरलेले फ्रिजमध्ये ठेवा. एकदम जास्त घ्यायचे असतील तर नागपुरात इतवारीतल्या ठोक दुकानांत भाव बरा पडते.

महागाचेच पाहिजेत असं काही नाही. खरपूस भाजलेले फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे सालं काढून घातले तरी मस्त लागते, आणि आपल्या विदर्भातल्या जंगलातली चारोळी वरून पेरली तर फारच छान. वाढायच्या अगदी आधी घाला, ड्रेसिंगमध्ये बसले की मऊ पडतात. आणि पाहुणे येणार असतील तर कोणाला दाण्याची किंवा नट्सची ॲलर्जी आहे का हे आधी विचारून घ्या, यात संकोच करू नका.

तेल ऑलिव्हचंच पाहिजे का?

भाजायला फल्ली तेल उत्तम. ड्रेसिंगला ऑलिव्ह असेल तर ते, नसेल तर घाणीचं फल्ली किंवा तिळाचं. जवसाचं तेल असेल तर एक चमचा ड्रेसिंगमध्ये घाला, पण ते भाजायला वापरू नका, उष्णतेने लवकर खराब होते. तेल अजिबात नको म्हणणाऱ्यांना सांगते, गाजर आणि कोहळ्यातला केशरी रंग देणारा घटक अंगी लागायला थोडं स्निग्ध लागतेच.

आमच्या घरी सावजी खाणारी माणसं, त्यांना हे फिकं लागते.

त्यांच्यासाठी ड्रेसिंगमध्ये भिवापुरी मिरचीचं जाडसर तिखट अर्धा चमचा घाला, आणि भाज्यांसोबत लसणाचा अख्खा गड्डा तेल लावून फॉइलमध्ये भाजा, मग तो मऊ लसूण पिळून ड्रेसिंगमध्ये कालवा. वरून जवसाची चटणी भुरभुरवली की विषयच संपला. गरम मसाला मात्र नको, संत्र्याचा वास मारून टाकते.

दुधाचा पदार्थ आणि आंबट फळ, हा विरुद्ध आहार नाही का?

आयुर्वेदात दूध आणि आंबट फळ एकत्र टाळायला सांगितलं आहे हे खरं. ज्यांच्या घरी हे पाळतात त्यांनी पनीर सोडून द्यावं आणि त्याऐवजी बदाम-तीळ वाढवावे, सॅलड अपुरं वाटत नाही. आजी-आजोबांना आग्रह करू नका.

उपवासाला चालेल असं काही?

रताळं, बटाटा भाजा, तुमच्याकडे कोहळं चालत असेल तर तेही. संत्रं, डाळिंब, भाजलेले दाणे, सेंधव मीठ, लिंबू. पनीर काही घरी चालते काही घरी नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. रताळ्याला २५ ते ३० मिनिटं.

जैन पद्धतीने?

बीट, गाजर, कांदा, लसूण सगळं बाद. कोहळं, रंगीत शिमला मिरच्या, मक्याचे दाणे, फरसबी घ्या. फुलकोबी आणि वांगंही बरेच जण टाळतात, आणि मधही, तर गोडीला थोडा गूळ घाला.

लहान मुलांना आणि दात नसलेल्या मोठ्यांना कसं द्यायचं?

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे नट्स देऊ नका, घशात अडकतात. भरड पूड करून घाला. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, ड्रेसिंगमधलाही नाही. माझ्या सासूबाईंसाठी मी भाज्या अर्ध्या इंचाच्या करते, झाकून थोड्या मऊ करते आणि मग भाजते, पनीर कुस्करून, बदामाची पूड आणि संत्र्याची फोड बारीक करून. त्या पूर्ण वाटी संपवतात.

बीट खाल्ल्यावर लघवी लाल झाली, घाबरायचं का?

काही लोकांमध्ये बीटाचा रंग तसाच बाहेर पडतो, त्याने काही होत नाही, एक-दोन दिवसांत थांबते. बीट न खाताही तसं दिसलं तर मात्र डॉक्टरकडे जा.

शुगर असलेल्यांनी खावं का?

त्यांनी कोहळं-बीट कमी, फुलकोबी-शिमला मिरची-पनीर जास्त, मध बंद, आणि संत्रं रस न काढता फोडीच. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारून.

हळदीकुंकवाला पन्नास बायका येणार आहेत, आधी करून ठेवता येते का?

येते, फक्त एकत्र करून नाही. भाज्या आदल्या दिवशी भाजून बंद डब्यात फ्रिजमध्ये, पनीर वेगळं, नट्स बाहेर कोरड्या डब्यात, संत्री सकाळी सोलून. दुपारी भाज्या बाहेर काढून गरम तव्यावर दोन-दोन मिनिटं परतवा म्हणजे कडा परत जाग्या होतात. निम्मं ड्रेसिंग भाज्या कोमट असताना लावा, तेव्हाच त्या ते पितात, उरलेलं वाढताना. संक्रांतीचं असेल तर अक्रोडाऐवजी भाजलेले तीळ घाला, स्वस्तही पडते आणि सणाचंही होते.

पनीर घातलेलं सॅलड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि उन्हाळ्यात तर एका तासाच्या वर नाहीच.

ऑफिसच्या डब्यात नेता येते का?

हो. खाली ड्रेसिंग, मग भाज्या, वर संत्रं-पनीर, नट्स छोट्या वेगळ्या डबीत. खाताना हलवायचं.

उरलं तर काय करायचं?

संत्र्याच्या फोडी काढून खाऊन टाका, त्या दुसऱ्या दिवशी टिकत नाहीत. बाकीचं हाताने कुस्करून त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, ओवा, तिखट, भरपूर सांबार घालून थालीपीठ लावा. बीटामुळे थालीपीठ लाल होते आणि मुलं रंगासाठीच मागून घेतात. ड्रेसिंगमधलं मीठ आधीच असते, त्यामुळे पिठात मीठ घालायच्या आधी चाखून बघा.